बेथानी बुद्रुकचे सर

सर बहिरे नव्हते. कानात ते जे यंत्र घालून फिरायचे त्यात सेल नसायचा, हे मला ओळख होऊन दोन-तीन वर्षं उलटल्यावर कळलं. एकदा माझ्या दुकानात ते यंत्र टेबलावरून पडलं, झाकण उघडलं, आत बघतो तर जागा रिकामी. मी घाबरून म्हटलं, "सर, सेल कुठंतरी उडाला." सरांनी शांतपणे यंत्र उचललं, कानात बसवलं आणि म्हणाले, "सेल कधी नव्हताच. सेल घातला तर ऐकू येणं बंद होईल." मला काही उमजेना. मग त्यांनीच फोड करून सांगितलं. माणूस बहिरा आहे असं एकदा पसरलं, की लोक त्याच्यासमोर मोकळे होतात. सुनेविषयी बोलतात, भावकीविषयी बोलतात, फादरच्या लांबलेल्या प्रवचनाविषयी तर फारच बोलतात. "कादंबरीकाराला दोनच गोष्टी लागतात, भाई," ते म्हणाले, "शेजारी आणि बहिरेपणाचं सोंग." एवढं सांगून त्यांनी मला चहा मागवायची खूण केली.

माझं पैठण गेटजवळ डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडेटा, उर्दू-मराठी दोन्हीत निकाहाची कार्डं, जाहीर नोटिसा, असलं आमचं साहित्य. घरी आम्ही दखनी बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो आणि उरलेली सरांच्या हस्ताक्षरातून. त्यांच्या छापून आलेल्या सातही कादंबऱ्या मी टाइप केल्या. सातही एकाच गावाच्या. गावाचं नाव बेथानी बुद्रुक. नकाशात शोधू नका. बेथानी बायबलातली आणि बुद्रुक आपल्या तलाठ्याकडचं, अशी जोड सरांनी लावली होती. खरं गाव त्यांचं स्वतःचंच. पैठण रस्त्यानं चितेगाव मागं टाकून पुढं आत वळलं की लागतं. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर हसू येईल असं. बँक आहे, बाजार भरतो, ज्युनिअर कॉलेज आहे, आणि एका अंगाला पत्र्याच्या छपराचं चर्च. चर्चच्या भोवती कॅथलिक लोकांची वस्ती. तिथल्या शाळेत सरांनी आयुष्यभर मराठी शिकवली.

शहरातल्या साहित्यिक कार्यक्रमांना सर कधीमधी जात. तिथं कोणी ना कोणी हमखास विचारायचंच, "तुम्ही मूळचे गोव्याचे का?" सर म्हणायचे, "नाय, मूळचा बी इथलाच आन शेंड्याचा बी." पुढचा प्रश्नही ठरलेला, "मग घरी इंग्रजी बोलत असाल?" त्यावर सर अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "व्हय. म्हशीशी." विचारणारा बिचारा हसावं की नाही या पेचात पडायचा. एका समीक्षकानं भाषणात म्हटलं, की यांच्या लेखनाचा परीघ मर्यादित आहे, आता त्यांनी बेथानी बुद्रुकच्या बाहेर पडलं पाहिजे. सर यंत्रावर बोट ठेवून ऐकू येत नसल्यासारखं बसून राहिले. परत येताना रिक्षात मला म्हणाले, "बाहेर कसा पडू? अजून निम्मे उंबरे लिहायचे राहिलेत." तोच समीक्षक पुढच्या पुस्तकात एक वळू होऊन आला, हे त्याला अजून कळलेलं नाही.

दर सोमवारी सर एसटीनं शहरात यायचे. पिशवीत लिहिलेले कागद, भाकरीचा डबा आणि वहाणांचा जोड. चामड्याचे बूट ते फक्त चर्चला आणि माझ्या दुकानाला घालायचे. उरलेल्या शहरात हिंडताना पिशवीतल्या वहाणा काढायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "दोन्हीकडं आपल्या चुका दुरुस्त व्हायच्या असतात." माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि मी टाइप करत असताना स्वतःचंच लिखाण वाचून हसायचे. कधीकधी इतके हसायचे, की मला थांबून पाठ थोपटावी लागायची.

अलीकडं एका वर्षी रमजान आणि त्यांचा उपवासकाळ बरोबर एकत्र आले. त्यांच्यात ईस्टरच्या आधी सहा-सात आठवडे मटण-मच्छी सोडतात. सर चहा-पाणी घ्यायचे, पण माझा रोजा म्हणून माझ्यासमोर घोटही घ्यायचे नाहीत. गुपचूप खाली जायचे, टपरीवर चहा प्यायचे आणि मिशा पुसत वर यायचे. मिशांना वेलचीचा वास यायचाच. आणि नेमकं त्या दिवसांत प्रकरण कुठलं आलं, तर नाताळच्या जेवणाचं. करंज्या, अनारसे, मटणाचा रस्सा, वर तर्री, हाडातली नळी. दुपारी चार वाजता, तोंडाला कोरड पडलेली, मी ते टाइप करतोय आणि सर बाजूला आवंढे गिळतायत. शेवटी मी म्हटलं, "सर, या रश्श्यात मीठ कमी टाका, नाहीतर माझा रोजा तुटंल." त्यांनी लगेच पेन उचललं आणि अख्खं जेवण खोडून तिथं भजन घातलं. संध्याकाळी इफ्तारला माझ्या घरी आले, खजूर खाल्ला, भजी खाल्ली, आणि अम्मीनं ठेवलेल्या मटणाच्या नान खलियाच्या वाटीकडं असं काही पाहिलं की अम्मीनंच ती झाकून ठेवली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तीच वाटी मागायला हजर.

सरांची खरी तऱ्हा मात्र दुसरीच होती. पुस्तक छापायच्या आधी त्यातलं प्रत्येक प्रकरण ते गावात वाचून दाखवायचे. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सगळ्यांची उपासना संपली, की चर्चच्या ओट्यावर सतरंजी पडायची, चहा यायचा आणि सर वाचायला बसायचे. नावं बदललेली असत, पण कोण कोण आहे ते शेंबड्या पोरालाही कळायचं. वाचून झालं की ज्याच्याविषयी लिहिलंय त्यानं आक्षेप घ्यायचा. आक्षेप पटला तर सर तिथल्या तिथं दुरुस्ती करायचे. माझं दुकान रविवारी बंद, म्हणून टाइप केलेली पानं घेऊन मीही जायचो. एका माणसाच्या शेळीनं वेदीवरची फुलं खाल्ल्याचा प्रसंग सरांनी लिहिला होता. तो माणूस तावातावानं उठला. मला वाटलं, आता शेळीची बदनामी केली म्हणणार. तो म्हणाला, "मास्तर, तुमी तिला रोड लिवलंय. माही शेळी रोड हाय का?" सर्वांनुमते शेळी धष्टपुष्ट झाली.

गावाचा पुस्तकांवर इतका विश्वास, की त्यातून एकदा भलतंच घडलं. सरांनी एका कादंबरीत पेत्रस पेटीवाले नावाचं पात्र मारलं. भजनाला पेटी वाजवणारा हा म्हातारा सगळ्यांचा लाडका. आता यांच्याकडं पद्धत अशी, की मेलेल्या माणसासाठी घरचे लोक मिस्सा सांगतात, आणि फादर मिस्सेच्या सुरुवातीला त्याचं नाव वाचतात. ओट्यावर ऐकताना हुंदके देणाऱ्या एका आजीनं थेट जाऊन पेत्रसच्या नावानं मिस्सा सांगितली. फादर नवे, गावात येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. त्यांनी रविवारी खणखणीत आवाजात वाचलं, "पेत्रस पेटीवाले यांच्या आत्म्यास चिरशांती मिळावी म्हणून." अख्खं चर्च माना वळवून सरांकडं बघायला लागलं. मिस्सा झाल्यावर फादर कुटुंबाचं सांत्वन करायला निघाले, तर कुटुंबच नाही. सगळं समजल्यावर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो सर, या माणसाचा बाप्तिस्मा तरी कुठं झालाय?" सर म्हणाले, "पहिल्याच प्रकरणात, फादर. पाणी मीच ओतलंय." पुढं दर वर्षी पेत्रसच्या नावानं एक मिस्सा होतेच. फादर म्हणतात, देवाला हिशेब लावू दे.

माणसं मारण्यावरून सरांचं नाव थोडं खराबही झालं होतं. त्यांनी पुस्तकात एका म्हाताऱ्या गुरवाला मारलं आणि ज्याच्यावरून तो घेतला होता तो माणूस त्याच उन्हाळ्यात गेला. पुढं एक सुईण मारली, तीही गेली. दोघंही नव्वदीच्या पुढचे, पण गावाला वयाशी काय करायचंय? सर रस्त्यानं निघाले की म्हातारी माणसं हात जोडायची, "मास्तर, मला अजून दोन पुस्तकं ठिवा." कोणी हुरडा आणून द्यायचा, कोणी शेंगा. एकानं तर जिवंत कोंबडा आणून बांधला. सरांनी कोंबडा खाल्ला आणि त्या माणसाला पुस्तकात पाय मोडून अंथरुणावर ठेवलं. मी म्हटलं, "सर, हा अन्याय आहे." तर म्हणतात, "मेला तर नाय ना? कोंबड्यात एवढंच बसतं."

अशा गावात एका रविवारी अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, औंदा मला मारा."

अक्का म्हणजे चर्चची घंटा वाजवणाऱ्या बाई. सरांपेक्षा मोठ्या. फादर येतात, बदलून जातात, अक्का तिथंच. झाडलोट, फुलं, घंटा सगळं त्यांच्याकडं. सरांच्या सातही पुस्तकांत मार्थाबाई नावानं त्या होत्या, आणि एकाही पुस्तकात सरांनी त्यांना साधं पडसंसुद्धा होऊ दिलं नव्हतं. सर ऐकू न आल्यासारखे बसले. अक्का ओरडल्या, "मारा म्हनलं मला! पुस्तकात!"

ओट्यावर हशा पिकला. पण अक्का हसत नव्हत्या. त्या खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागल्या. "माहं एकच पोरगं. पुन्याकडं कंपनीत हाय. लई चांगलं पोरगं, दारू नाय, बिडी नाय. पन ते त्या नव्या प्रार्थनावाल्यांत गेलं. त्यांच्यात मेलेल्यासाठी मिस्सा नाय, मेनबत्ती नाय, घंटा नाय. म्हनतं, आई, ह्ये सगळं वायफट हाय. म्या उद्या मेले तर मला गुपचूप माती देऊन जाईल. सगळ्या गावाच्या मयतीला घंटा म्या वाजवली, मास्तर, आन माह्या मयतीला नाय? तुमी लिवा. छापून आलं म्हंजी गाव ऐकंल. पोरगंबी ऐकंल."

मला हसू येत होतं. अक्कांना कादंबरी म्हणजे तहसीलदाराचा आदेश वाटत होता. सरांकडं पाहिलं तर त्यांनी यंत्र कानातून काढून मुठीत धरलं होतं.

पुढचे कित्येक सोमवार सर त्या विषयावर आले नाहीत. आठवी कादंबरी शेवटच्या प्रकरणाशी येऊन अडली. मी डिवचलं, "सर, तुम्ही असल्या गोष्टी मानता? लिहिलं की माणूस मरतो?" ते म्हणाले, "मानत नाही. पण अक्का एकच आहे रे." मग मीही पुन्हा विचारलं नाही.

शेवटी त्यांनी ते लिहिलं. मी टाइप केलं, आणि सांगायला लाज कसली, टाइप करताना रडलो. मार्थाबाईची मयत. पहिली घंटा कोण वाजवतं, मग वस्तीतल्या चुली कशा थांबतात. पाचोडचा लग्नाचा बँड येतो, त्यांना भक्तिगीत एकच येतं आणि तेही संथ जमत नाही. शाळेच्या लिंबाखाली शवपेटी क्षणभर टेकवतात, कारण मार्थाबाई घरी जाताना रोज तिथंच टेकायच्या. बायका रडता रडता तिच्या झाडूविषयी भांडतात, की आता झाडू कोणी धरायचा. माती दिल्यावर ओट्यावर सगळ्यांना चहा, आणि पुढाऱ्यांची भाषणं नाहीत.

रविवारी ओट्यावर वाचन झालं. अक्का पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. आपली मयत ऐकताना त्यांचा चेहरा खुलत गेला. मधेच म्हणाल्या, "पाचोडचा बँड कामून? त्यो तर लई पळवतो." पण शवपेटीभोवती गाव गोळा झाल्यावर डोळे पुसले. आणि मग ती ओळ आली. "मुलगा फाटकाशी थांबला. हेल्मेट हातात. आत आला नाही."

अक्का म्हणाल्या, "मास्तर, आत घ्या त्याला."

सर म्हणाले, "अक्का, तो सुट्टीत येतो, तुम्हाला गाडीवर बसवून आणतो, चर्चच्या फाटकाशी सोडतो आणि मोबाईल बघत उभा राहतो. इतकी वर्षं मी तेच बघतोय. न पाहिलेलं कसं लिहू?"

"बेथानी बुद्रुक तरी पाह्यलं का कोनी? त्ये लिवलं ना?"

सरांनी हातातली पानं सतरंजीवर उपडी ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही त्याला एकदा आत आणा. त्या दिवशी मी पान बदलतो."

"मला आनता आलं असतं, तर तुमच्या पाया कामून पडले असते?" अक्का उठल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या सरांशी बोलेनाशा झाल्या. घंटा वाजायची, पण सर समोरून आले की अक्का फुलांकडं बघायच्या.

सरांना ते फार लागलं. सोमवारी येऊन मला ते पान उघडायला लावायचे. एकदा म्हणाले, "लिही, मुलगा आत आला." मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, मान हलवली. "खोटं वाटतं, भाई. अक्कालाबी वाटंल. पुन्हा पहिल्यासारखं कर." बोलताना ते कधी गावच्या बोलीवर यायचे ते त्यांचं त्यांना कळत नसे, पण असं फक्त मन थाऱ्यावर नसतानाच व्हायचं. पुस्तक तसंच राहिलं.

ईस्टरनंतर थोड्याच दिवसांनी सकाळी गावातून फोन आला. "भाई, सर गेले. झोपेतच गेले. पानं घेऊन या." मला रडूही फुटलं नव्हतं. मी विचारलं, "कुठली पानं?" पलीकडून उत्तर आलं, "अक्काच्या मयतीची."

मी पोहोचलो तेव्हा घंटा वाजत होती. सरांना मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. त्यामुळं सगळं गावच्याच हातात. फादर म्हणाले होते, प्रार्थना मी बघतो, बाकीचं कसं करायचं ते तुम्ही ठरवा. गाव म्हणालं, ठरवायचं काय, मास्तरांनीच लिहून ठेवलंय. अडचण एकच, ते अक्कांचं होतं. अक्का दोर सोडून खाली आल्या, मला बघून नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मारायला मला निघाले आन सोताच गेले बघ. घ्या माहीच मयत. मला काय घाई नाय." आणि त्या रडताना हसल्या, हसताना रडल्या.

वाचायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझाच टाइप मला पाठ. मी ओट्याच्या पायरीवर उभा राहिलो. मी ओळ वाचायची, मार्थाबाईच्या जागी सर म्हणायचं, आणि गावानं तसं करायचं. बँड आला, पाचोडचाच, आणि त्यांनी गाणं पळवलंच. मंडळी ओट्यासमोर ठेवलेल्या शवपेटीभोवती गोळा झाली. पेटी उचलायच्या ओळीआधी मुलाची ती ओळ होती, तिच्यावर नजर गेली आणि मी वाचायचा थांबलो. सरांना मुलगा नव्हता. ती ओळ गाळली असती तर कोणाचं काही अडणार नव्हतं. पण मी मान वर केली तर फाटकाशी अक्कांचा मुलगा उभा. सर त्याचे शाळेतले मास्तर. निरोप मिळताच पुण्याहून गाडी काढून आला होता. हेल्मेट हातात.

अक्कांनीही पाहिलं होतं. त्या मला म्हणाल्या, "वाच, लेकरा. हाय ते वाच."

मी वाचलं. "मुलगा फाटकाशी थांबला. हेल्मेट हातात. आत आला नाही."

मुलानं हेल्मेटकडं पाहिलं, मग आमच्याकडं. "ह्ये सरांनी लिवलं?" त्यानं विचारलं.

"व्हय," अक्का म्हणाल्या.

"शाळेतबी मला वर्गाबाहेरच उभं करायचे," तो म्हणाला. "तवा थांबत होतो. आता नाय थांबत." त्यानं हेल्मेट फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि सरळ आत आला. आईजवळ क्षणभर थांबून म्हणाला, "मेनबत्ती नाय धरनार मी, आई. खांदा देतो." अक्कांनी पुढच्या बाजूच्या एका माणसाला कोपरानं बाजूला केलं आणि लेकाला तिथं उभं केलं.

मग त्या पेटीवर वाकल्या आणि बऱ्याच महिन्यांनी सरांशी बोलल्या. "मास्तर, आला बघा. बदला आता पान."

मी खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर टेकवला, 'आत आला नाही' यातलं 'नाही' खोडलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.